घोडीची कंबर गेली आहे. अमेरिकेत होते तशी रक्ततपासणी आपल्याकडे होते का?

तापीकाठ (शहादा तालुका):

नमस्कार मंडळी. माझी घोडी मारवाडी आहे, रंग कुमैत, वय नऊ. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली तेव्हा दोन दाती होती. लग्नाच्या वरातीत आणि नाचात तिच्यासारखी घोडी आमच्या भागात नाही, म्हणून आणखीच जीव तुटतो.

दिवाळीनंतर ती मागच्या उजव्या पायाचं खूर घासत चालायला लागली. नालबंदाला वाटलं खिळा लागला असेल. नाल काढून बघितली, पण खूर एकदम साफ. मग कंबर झुलायला लागली. सरळ चालवली तर चालते, पण जागेवर वळवली की मागचे पाय एकमेकांत अडकतात. शेपटीला धरून बाजूला ओढलं तर उजवीकडे पडायलाच येते. उजव्या पुठ्ठ्याचं मांस डाव्यापेक्षा कमी झाल्यासारखं दिसतं. खाणं चांगलं आहे, हरभऱ्याची चंदी सोडत नाही. आज ताप नाही, पण नवरात्रात ताप येऊन गेला होता आणि तेव्हा पोटाखाली थोडी सूज होती.

गावातले जुने लोक म्हणतात कुमरी आहे, वाचली तर नशीब. आमचे डॉक्टर म्हणतात सर्रा असू शकतो, उद्या इंजेक्शन देऊन टाकू. माझा मावसभाऊ अमेरिकेत केंटकीला असतो. त्याच्या ओळखीतल्या एका घोड्याला अगदी असंच झालं होतं. तिकडे रक्त तपासलं, ईपीएम नावाचा परजीवीचा रोग निघाला, महिनाभर औषध दिलं आणि घोडा बरा झाला. तो म्हणतो, तुम्ही रक्त तपासल्याशिवाय औषध कसं देता?

मला विचारायचंय की ती तपासणी आपल्याकडे कुठे होते? होत नसेल तर का होत नाही? कुमरी आपल्याकडे आजोबांच्या काळापासून आहे, मग तिच्यासाठी रक्ताची तपासणी अजून का निघाली नाही? आणि उद्याच्या इंजेक्शनचं काय करू?

---

अमळनेरचा बग्गीवाला:

भाऊ, मनी घोडीले बी असंच व्हयेल व्हतं. मागना पाय वढे, मंग बशी गयी ती उठनीच नही. जीवले लागस.

माझं सांगणं इतकंच, यात्रेला नेताना ग्लँडर्स या घोड्यांच्या सांसर्गिक रोगासाठी रक्त काढतात ना, त्याचा दाखला तुमच्याकडे असेल तर तो बघा. त्यात काही नाही म्हणजे रक्त साफ आहे. आणि कुणी कमरेत सुई टाकून पाणी काढू म्हणालं तर काढू देऊ नका. आधीच कंबर गेलेली, त्यात सुई कशाला?

---

निवृत्त पशुवैद्य, धुळे:

शहाद्याचे भाऊ, उद्याचं इंजेक्शन द्यायच्या आधी रक्त काढून ठेवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. जांभळ्या झाकणाची एक नळी, लाल झाकणाची एक, आणि कानाच्या टोकाला टोचून काचेवर पातळ पसरवलेल्या दोन-तीन स्लाइड. तुमचे डॉक्टर पाच मिनिटांत करतील. औषध गेलं की रक्तातले परजीवी काही तासांत दिसेनासे होतात, आणि मग सर्रा होता की नव्हता हे कायमचं अंधारात राहतं.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. मागचा भाग लुळा पडणं ही रेबीजचीही सुरुवात असू शकते. घोडी खाते-पिते, इतके दिवस झाले, म्हणजे शक्यता कमी आहे. तरीही गेल्या काही महिन्यांत कुत्रं, कोल्हा किंवा मुंगूस चावल्याचं आठवतंय का बघा. तोंडात उघडा हात घालू नका, लाळेपासून मुलांना लांब ठेवा. आवाज बदलला, गिळता येईना झालं, तर घोडीजवळ जाणं थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा.

आता अमेरिकेचं. ईपीएम हा खरा आणि वाईट आजार आहे. १९६० च्या दशकात केंटकीतच घोड्यांच्या मज्जारज्जूत त्याच्या जखमा पहिल्यांदा ओळखल्या गेल्या. परजीवी सापडून त्याला सार्कोसिस्टिस न्यूरोना हे नाव मिळालं १९९१ मध्ये, आणि ते देणाऱ्यांत पुढे होते डॉ. जे. पी. दुबे, भारतात पशुवैद्यकी शिकून गेलेले. हा परजीवी पसरतो ओपोसम नावाच्या प्राण्याच्या विष्ठेतून. ती विष्ठा चाऱ्यात-पाण्यात जाते आणि घोडा ती खातो. ओपोसम अमेरिका खंडातला प्राणी आहे, आपल्या सातपुड्यात तो नाही. तुमची घोडी मारवाडातून सारंगखेड्याला आणि तिथून तुमच्या दारात आली. तिला ईपीएम व्हायचा रस्ताच नाही. परदेशातून आणलेला शर्यतीचा घोडा असता तर मी वेगळं बोललो असतो. ती तपासणी इथे मिळाली असती तरी तुमच्या उपयोगाची नव्हती.

आपल्याकडे कमरेवर येणारे परजीवी दोन. पहिला सर्रा. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा रक्तात वळवळणारा एकपेशीय जीव. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला. मोठ्या चावऱ्या माशा तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. गाई-म्हशी तो बाळगून वरवर ठणठणीत राहतात आणि शेजारचा घोडा खंगतो. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, रक्त कमी होतं, आणि बराच काळ राहिला तर मेंदू-मज्जारज्जूत शिरून कंबर जाते. तुमच्या घोडीचा नवरात्रातला ताप आणि सूज वाचून माझं पहिलं बोट इकडेच जातं. दक्षिण अमेरिकेत याच रोगाचं नाव कमरेच्या दुखण्यावरून पडलंय. माणसाला तो सहसा होत नाही, पण २००४ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला होता. त्याच्या रक्तात जन्मापासूनच एक संरक्षक प्रथिन नव्हतं, असं नंतर निघालं.

दुसरी कुमरी. तिच्यामागे असतो सेटारिया हा दोऱ्यासारखा जंत. तो मूळचा गाई-म्हशींच्या पोटाच्या पोकळीतला, तिथे तो कुणाला त्रास देत नाही. त्याची पिल्लं गाई-म्हशीच्या रक्तात फिरतात, डास ती उचलतो आणि घोड्याला चावतो. घोडा हे त्याचं घर नव्हे. मग अर्धवट वाढलेला जंत भरकटतो. कधी डोळ्यात निघतो, आपल्याकडे घोडेवाले डोळ्यातला साप म्हणतात तो हाच. कधी मज्जारज्जूत शिरतो आणि वाट काढताना ती फाडत जातो. म्हणून कुमरी बहुतेक एका बाजूला जास्त असते आणि पावसाळा सरल्यावर दिसते. जपानमध्ये गेल्या शतकाच्या मध्यात यावर फार चांगलं काम झालं, तिथेही घोडे आणि शेळ्या-मेंढ्या अशाच बसत होत्या. तुमच्या घोडीची एकच बाजू जास्त गेली आहे आणि पुठ्ठाही उतरलाय, त्यामुळे हीसुद्धा मनातून काढता येत नाही.

बग्गीवाले आबा, ग्लँडर्सच्या दाखल्यावरून फक्त ग्लँडर्स नाही एवढंच कळतं. त्या रक्तात सर्रा कुणी शोधलेलाच नसतो. आणि सर्राचं रक्त एकदा साफ आलं तरी सोडू नका. परजीवी रक्तात लाटांनी येतो. ताप चढलेला असताना काचेवर दिसतो, उतरल्यावर लपतो. केशनळीत रक्त घेऊन फिरवायचं आणि पांढऱ्या पेशींच्या थराजवळ भिंगाखाली बघायचं ही साधी पद्धत नुसत्या स्लाइडपेक्षा बरंच जास्त पकडते. ज्या दवाखान्यात रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण बघायला केशनळी फिरवायचं यंत्र आहे तिथे ती होते. पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधायची तपासणी) आणि अँटिबॉडी (परजीवीविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) यांसाठी मात्र नमुना बाहेर पाठवावा लागेल. हरियाणात हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, घोड्यांच्या रोगांचं देशातलं मुख्य काम तिथेच चालतं. नमुना सरकारी दवाखान्यामार्फत बर्फात घालून पाठवायचा. पुण्याला औंधचा रोग अन्वेषण विभाग आहे, त्यांच्याकडून कसं पाठवायचं ते तुमच्या डॉक्टरांना कळेल.

उद्याचं इंजेक्शन नमुना घेतल्यावर द्यायला माझी हरकत नाही. उत्तर येईपर्यंत थांबलात तर हातची वेळ जाईल.

---

तापीकाठ (शहादा तालुका):

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. आत्ताच आमच्या डॉक्टरांशी बोललो, नमुना घेऊनच इंजेक्शन देतो म्हणाले. कुत्रं चावल्याचं काही आठवत नाही. शेजारी म्हशी बांधतो, एकाच छपराखाली.

पण एक शंका राहिली. समजा हिसारहून उत्तर आलं की रक्तात सर्राच्या अँटिबॉडी आहेत. मग कंबर सर्रानेच गेली हे पक्कं झालं ना?

---

चोपड्याची, आता प्रयोगशाळेत:

दादा, नाही होत पक्कं. माझं माहेर चोपडा, परजीवीशास्त्रात एम.व्ही.एस्सी. केलंय आणि एलायझा, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी मोजायच्या तपासण्यांवर काम करते. तुमचा प्रश्न आमच्या कामाच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अँटिबॉडी म्हणजे पंचनामा. चोर गावात येऊन गेला हे त्यावरून कळतं, आत्ता तो कोणत्या घरात आहे हे कळत नाही. अमेरिकेत हाच घोळ झाला. १९९० च्या दशकात केंटकीत परजीवीची सगळी प्रथिनं वापरून वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे अँटिबॉडी पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी तपासणी तयार केली. लोकांनी भराभर रक्त पाठवलं आणि धडधाकट, शर्यती पळणारे घोडेही मोठ्या संख्येने पॉझिटिव्ह आले. कारण ओपोसमच्या भागात चरणाऱ्या घोड्याच्या पोटात हा परजीवी कधी ना कधी जातोच. मज्जारज्जूपर्यंत तो पोचतो फार थोड्यांत. शिवाय घोड्याच्या मांसात त्याच्या जातभाईंपैकी दुसरे निरुपद्रवी परजीवी असतात, त्यांच्याही अँटिबॉडी त्या पट्ट्यांत मिसळायच्या.

मग परजीवीच्या पृष्ठभागावरचं एकेक प्रथिन वेगळं काढून एलायझा बनवायला सुरुवात झाली. पहिलं निवडलेलं प्रथिन खूप ठळक होतं, पण काही प्रकारच्या परजीवींमध्ये ते नसतंच! त्या प्रकाराने आजारी झालेला घोडा निगेटिव्ह यायचा. म्हणून पुढे दुसरं, तिसरं, चौथं अशी प्रथिनं एकत्र वापरली. सर्रातही अगदी हेच आहे. जगभर वापरली जाणारी कार्डावरची तपासणी रोटॅट १.२ या एका आवरण-प्रथिनावर बांधलेली आहे. बहुतेक ठिकाणच्या परजीवींवर ती चालते, पण आफ्रिकेत केनियात सापडणाऱ्या एका प्रकारात ते प्रथिन नाही, तिथे ती फसते. ट्रिपॅनोसोमा आपलं आवरण सतत बदलत असतो, त्यामुळे कोणतं प्रथिन धरायचं हा फार मोठा निर्णय असतो. आणि घोडी बरी झाल्यावरही अँटिबॉडी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणजे औषध लागलं का हेही त्यावरून सांगता येत नाही.

खरा मार्ग निघाला तो रक्त आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी एकाच दिवशी काढून दोन्हीतल्या अँटिबॉडीची तुलना करण्यातून. निरोगी घोड्यात पाण्यात रक्तातून झिरपलेलं थोडंसंच असतं. पाण्यातलं प्रमाण त्या हिशेबापेक्षा खूप जास्त निघालं, तर अँटिबॉडी आतच तयार होत आहेत, म्हणजे परजीवी आत आहे. ईपीएममध्ये रक्ताचं पाण्याशी गुणोत्तर १०० किंवा त्याखाली आलं की ती ठोस खूण धरतात. नुसत्या रक्ताने हे काम आजही होत नाही, तिकडेही नाही. तुमच्या मावसभावाने सांगितलेल्या घोड्याचं नुसतं रक्तच पाहिलं असेल, तर तो बरा झाला याचा आनंद आहे, पण रोग सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही.

कुमरीचं तर याहून अवघड. जंत घोड्यात मोठा होत नाही, त्यामुळे त्याची पिल्लं घोड्याच्या रक्तात येत नाहीत आणि स्लाइडवर काही दिसत नाही. मज्जारज्जूत असतो तो एखादाच जंत, तोही बारीक. सेटारियाची बरीच प्रथिनं आतड्यातल्या गोल जंतांशी जुळतात, आणि आतड्यात जंत नसलेलं घोडं कुठून आणायचं? कच्च्या जंताचा अर्क वापरून एलायझा केला तर सगळा तबेला पॉझिटिव्ह येईल. फक्त सेटारियातच असणारं आणि त्याच्या वाढीच्या नेमक्या त्या अवस्थेत बाहेर पडणारं प्रथिन शोधावं लागेल.

आबांना आदराने सांगते, कमरेतून पाणी काढणं प्रशिक्षित हाताने, भूल देऊन, जागा निर्जंतुक करून केलं तर होण्यासारखं आहे. घोडं उभं ठेवूनही काढतात, सुई मात्र वीतभर लांब लागते. रस्त्याकडेला, गोठ्यात घाईने करायचं काम नव्हे हे खरं. पाण्यात रक्ताचे थेंब मिसळले तर गुणोत्तराचा हिशेबच चुकतो.

---

अमळनेरचा बग्गीवाला:

ताई, समजलं. आमच्याकडे कुणी एवढं समजावून सांगितलंच नव्हतं. मग मला सांगा, जी घोडी माझ्या दारात मेली, तिचा काही उपयोग झाला असता का या तपासणीसाठी?

---

निवृत्त पशुवैद्य, धुळे:

आबा, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर जखमेवर बोट ठेवायला मन झालं नसतं. हो, झाला असता. फार मोठा झाला असता.

तपासणी बनवायची म्हणजे आधी असे नमुने लागतात ज्यांच्याबद्दल शंका नाही. हा घोडा नक्की कुमरीचा, हा नक्की सर्राचा, हा नक्की निरोगी. त्यांच्या रक्तावर तपासणी लावून बघायची, कुठे रेघ ओढली म्हणजे आजारी आणि निरोगी वेगळे होतात ते ठरवायचं. आणि मज्जारज्जूचा रोग नक्की आहे हे शेवटी मज्जारज्जू कापून बघितल्यावरच कळतं. अमेरिकेतल्या तपासण्या उभ्या राहिल्या त्या मेलेल्या घोड्यांच्या शवविच्छेदनावर. तिकडे मालक घोडा गेला की प्रयोगशाळेत पाठवतात, जिवंतपणी काढलेलं रक्त आणि पाणी तिथे आधीच साठवलेलं असतं, आणि दोन्हीची गाठ घालता येते.

आपल्याकडे घोडं गेलं की मालक शेतात बांधाजवळ खड्डा करतो, शाल घालतो, मीठ टाकून पुरतो. काही ठिकाणी मी दहाव्याला जेवण घातलेलं पाहिलंय. हा मान मला मनापासून पटतो. ज्याने घरातल्या तीन पोरांची लग्नं लावली त्या जनावराला कापा असं मालकाला सांगायला नोकरीत मलाही जड जायचं. पण आम्ही विचारत नाही, मालक बोलत नाही, आणि कुमरी आजोबांच्या काळी होती तिथेच राहते. साक्रीकडच्या एका मेंढपाळाने, ठेलारी होता, स्वतःहून परवानगी दिली होती. सामान वाहायची छोटी घोडी, दोन दिवस बसून होती. दोघांनी मिळून करवतीने मणके उघडले, अर्धा दिवस गेला. मज्जारज्जूचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये घालून पाठवले, त्यात जंत फिरल्याचे माग दिसले, जंत स्वतः सापडला नाही. तो बारीक असतो, पुढे निघून गेलेला असतो, तुकड्यांवर तुकडे कापावे लागतात. पण उत्तर मिळालं. त्याच्या कळपासोबतच्या बाकीच्या घोड्यांना पुढच्या पावसाळ्यात काय जपायचं ते त्याला सांगता आलं. त्या घोडीचं जिवंतपणीचं रक्त मात्र कुणी ठेवलं नव्हतं, आणि ते असतं तर आज या ताईंच्या फ्रीजमध्ये एक पक्का नमुना असता.

म्हणून माझी सगळ्या घोडेवाल्यांना विनंती आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीला हजारो घोडे येतात, ग्लँडर्ससाठी रक्त निघतंच. त्याच वेळी मालकाच्या संमतीने एक जादा नळी निघाली, घोड्याचं वय, गाव, गोठ्यात गाई-म्हशी आहेत का एवढं लिहिलं गेलं, तर निरोगी घोड्यांचे नमुने एका यात्रेत मिळतील. आणि कंबर गेलेलं घोडं दगावलं तर पुरण्याआधी डॉक्टरांना फोन करा. डोकं आणि मणका घेतला तरी बाकीचं शरीर शिवून परत मिळतं, शाल घालून पुरता येतं. फक्त रेबीजचा संशय असेल तर हातमोजे, चष्मा, मास्क आणि लस घेतलेला माणूस असल्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

शहाद्याचे भाऊ, तुमच्या घोडीबद्दल मी आशा सोडलेली नाही. सर्रा असेल आणि लवकर पकडला असेल तर घोडी सावरते. एक लक्षात ठेवा, सर्रावर नेहमी वापरतात त्या क्विनापायरामिनचा मेंदूच्या आत फारसा शिरकाव होत नाही. रक्त साफ होतं, पण आत लपलेला परजीवी काही आठवड्यांनी परत उठू शकतो. म्हणून इंजेक्शननंतरही ताप रोज मोजून वहीत लिहा, आणि काही आठवडे रक्त पुन्हा पुन्हा बघा. कुमरी असेल तर जंताचं औषध देतात, सूज उतरवायचं देतात, पण फाटलेला मज्जारज्जू औषधाने जोडला जात नाही. जे टिकलंय ते टिकवायचं. खाली जाड गवत अंथरा, गुळगुळीत फरशीवरून आज काढाच, आणि वळवताना एक माणूस कंबरेजवळ राहू द्या.

---

तापीकाठ (शहादा तालुका):

सर, ताई, आबा, सगळ्यांचे आभार. सकाळी सात वाजता डॉक्टर येतायत, नळ्या आणि बर्फाचा डबा त्यांच्याकडे आहे. म्हशी आज संध्याकाळीच मळ्यातल्या गोठ्यात हलवल्या, घोडीच्या छपराला मच्छरदाणीचं कापड लावलंय आणि शेणाचा ढीग उचलून लांब टाकला. पाणी काढायचं की नाही ते धुळ्याच्या जिल्हा दवाखान्यात नेऊन ठरवू, पण तिला गाडीत उभं राहता येईल का याची काळजी आहे. यात्रेत जादा नळीचं मी स्वतः घोडेवाल्यांशी बोलणार, आमच्या ग्रुपमध्ये दोनशेच्या वर लोक आहेत.

---

चोपड्याची, आता प्रयोगशाळेत:

दादा, गाडीत आडव्या पट्ट्याचा आधार द्या आणि मागे भुशाची पोती लावा, म्हणजे ब्रेक लागला तरी मागचा भाग कोसळणार नाही. लाल झाकणाच्या नळीतलं रक्त गोठून वर पाणी सुटेपर्यंत बर्फात घालू नका, सावलीत तासभर उभं ठेवा. नंतर वरचं पाणी वेगळ्या नळीत घेऊन मग बर्फात. जांभळी नळी गोठवायची नाही, नुसती थंड ठेवायची. आणि प्रत्येक नळीवर तारीख, वेळ, तेव्हाचा ताप आणि इंजेक्शनच्या आधी की नंतर हे न विसरता लिहा. पुष्कळ नमुने येतात ज्यांवर हे लिहिलेलंच नसतं.